अर्ध्या काळ्या तोंडाची वासरं

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या गावातल्या गायी माजावर येईनाशा झाल्या. हे आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. माणसं पाण्याच्या टँकरमागं होती. मी गावातल्या बायकांच्या दूध संस्थेची सचिव होते. सकाळ-संध्याकाळ शाळेच्या जुन्या खोलीत बसून दूध मोजून घ्यायचं, फॅट काढायचं आणि कुणाची गाय माजावर आली की दूध संघाच्या डॉक्टरांना फोन लावायचा, हे माझं काम. एका सकाळी रिकाम्या कॅनवर हात ठेवून बसले होते, तेव्हा लक्षात आलं की असा फोन आपण कित्येक महिन्यांत लावलेलाच नाही.

जनावरांच्या गावात कुठं ना कुठं एखादी गाय हंबरत असतेच. माजावरची गाय वेगळीच हंबरते. लांब, शेवटाला फुटलेलं, कुणीतरी दूर गेल्यासारखं. तो आवाज माझ्या लग्नापासून रोज कानावर होता, म्हणून मला तो ऐकूच येत नसे. तो नाही हे कळल्यावर मात्र दिवसभर दुसरं काही ऐकू येईना. दुपारी गोठ्यात गायी उभ्या असत, शेपट्यासुद्धा हलवत नसत. आमची गाय दावणीला अशी उभी राही की तिला कुणी तिथं ठेवून विसरून गेलंय.

संघाचे डॉक्टर आले तेव्हा त्यांनी मारुतीच्या पारावर सगळ्यांना बसवून सांगितलं, की पोटाला मिळेनासं झालं की शरीर आधी वंश थांबवतं. गाय जगते, पण आतून बंद होते. त्यावर संघानं एक योजना आणली होती. गायीच्या अंगात औषधाची एक रबरी पट्टी बसवायची, पट्टीची दोरी बाहेर लोंबती ठेवायची, आठवड्यानं ती ओढून काढायची आणि सुई द्यायची. मग दोनेक दिवसांत सगळ्या गायी एकदमच माजावर येतात. डॉक्टरांनी एकदाच यायचं आणि सगळ्यांना कृत्रिम रेतन करायचं. गायी पावसाळा सरताना व्यायल्या तर चाराही असेल आणि दूधही एकाच हंगामात येईल.

मागं उभा असलेला एक गडी म्हणाला, "बिनमाजाची गाय सुईनं माजावर आली, तर ती गाय आली म्हनायची का सुई?"

लोक हसले. डॉक्टरही हसले. त्यांनी फक्त एवढं बजावलं की हाडं वर आलेल्या गायीवर सुईचा उपयोग नाही. आधी महिनाभर खाऊ घाला. संघानं मुरघास आणि क्षार मिश्रणाच्या पिशव्या दिल्या. कडा गावाकडून उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला आला, तो आम्ही बायकांनी वाटून घेतलं. वळू देशी हवा, संकरित वासरू या उन्हात टिकत नाही, असं बायकांनी लावून धरलं. डॉक्टर म्हणाले, देवणी वळूच्या बीज भरलेल्या रेतनकांड्या आहेत, चांगल्या आहेत आणि भरपूर आहेत.

आमच्या घरी तेव्हा सासू, मामंजी आणि मी. मालक ट्रकवर असायचे, महिन्यातून दोन-तीनदा घरी. मामंजी सत्तरीपुढचे. ओसरीवर बाजेवर बसून असत. त्यांचं बोलणं कमी. गायीला पट्टी बसवायची म्हटल्यावर ते म्हणाले, बसवा.

पट्ट्या काढून सुया दिल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध मोजत होते. वेशीकडच्या एका गोठ्यातून गाय हंबरली. खोलीतल्या बायका एकमेकींकडं बघून हसल्या, एकीनं तर हात जोडले. मग दुसरी हंबरली, मग खालच्या आळीतून तिसरी. ऊन चढलं तसा आवाज वाढत गेला. आणि मग तो थांबेचना.

मी त्या आधी एकदम इतक्या गायी हंबरलेल्या ऐकल्या नव्हत्या आणि नंतरही नाहीत. रानात उभं पीक नव्हतं, झाडांना पाला नव्हता. आवाजाला अडवायला काहीच नव्हतं. तो डोंगराला जाऊन लागायचा आणि परत यायचा, त्यामुळे डोंगरापलीकडंही तेवढ्याच गायी आहेत असं वाटे. ज्यांनी हौसेनं योजनेत नावं दिली होती ती माणसं गल्लीत उभी होती, पण एकमेकांकडं बघत नव्हती. कुत्री कुठं गेली होती कोण जाणे. मी घरी आले तर सासूबाई कानावर पदर दाबून चुलीपुढं बसल्या होत्या.

"ह्या बोलावत्यात कुनाला?" त्या म्हणाल्या. "गावात बैल न्हाई."

ते खरं होतं. गावाचा म्हणून एक वळू फिरायचा, तो आदल्या उन्हाळ्यात गेला होता. आजूबाजूच्या गावांतही कुणी वळू ठेवला नव्हता.

तेवढ्यात बाज करकरली. मामंजी उठले. सकाळच्या चहानंतर ते कधी उठत नसत. ते दारापर्यंत गेले, कवाडाच्या दोन्ही फळ्या उघडल्या आणि चौकटीला धरून रस्त्याकडं बघत उभे राहिले.

मी विचारलं, "का उठलात मामा?"

"त्यो येतोय," ते म्हणाले.

मला वाटलं डॉक्टरांबद्दल बोलताहेत. आणि डॉक्टर आलेच, मोटरसायकलवर, मागं बीज गोठवून ठेवायचं नायट्रोजनचं भांडं बांधून. आमचं घर रस्त्यावरच, म्हणून पहिली आमची गाय. तिनं काचेच्या तारेसारखा बळस, माजाचा चिकट स्राव, टाकला होता, डॉक्टर खूष झाले. त्यांनी भांड्याचं झाकण काढलं. त्या उन्हात भांड्यातून पांढरी वाफ वर न जाता काठावरून खाली उतरली आणि जमिनीला लागून मामंजींच्या पायांकडं सरकली. मामंजींनी पाय मागं घेतला नाही.

त्यांनी डॉक्टरांना विचारलं, हा बैल सध्या कुठं असतो? डॉक्टर हातमोजा चढवता चढवता म्हणाले, तो जाऊन बरीच वर्षं झाली. बीज थंडीत जिवंत राहतं, कितीही वर्षं ठेवा.

"मेल्यालं बी येतं म्हना की," मामंजी म्हणाले आणि आत गेले.

त्या संध्याकाळी आवाज बसल्यावर त्यांनी मला जवळ बसवून त्याची गोष्ट सांगितली. लग्नाला इतकी वर्षं होऊनही ती मला कुणी सांगितली नव्हती. सासूबाई आतून ऐकत होत्या, पण बाहेर आल्या नाहीत.

माझ्या लग्नाच्या आधी घरात एक गोऱ्हा होता. त्याची आई व्याल्यावर मेली. मामंजींनी त्याला दुसऱ्या गायीच्या दुधात फडकं बुडवून चोखायला देऊन जगवलं. रंगानं पांढरा, पण तोंडाची डावी बाजू काळी. नाकाच्या बरोबर मधून कुणी रेघ मारावी तसा काळा आणि पांढरा वेगळा. त्याला नाव ठेवलं नव्हतं, घरात नुसतं 'त्यो' म्हणत. मोठा झाला तरी त्याची एक सवय गेली नाही. दुपारी बाकीची जनावरं सावलीला बसली की हा घरी यायचा आणि दाराला कपाळ टेकून उभा राहायचा. ढकलायचा नाही, हंबरायचा नाही. मामंजी बाहेर येऊन त्याच्या कपाळावर हात ठेवायचे, मग जायचा.

एका प्रदर्शनात संघाच्या लोकांनी तो बघितला आणि वळूंच्या केंद्रासाठी मागितला. गावाचं नाव होईल म्हणून सगळ्यांनी भरीला घातलं, मामंजींनाही ते पटलं. त्याला ट्रकमध्ये चढवून दिला. मांजरसुंब्याला ट्रक ढाब्यावर चहाला थांबला तेव्हा त्यानं दावं तोडून उडी मारली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मामंजींना दाराला काहीतरी टेकल्याचं जाणवलं. फटीतून बघितलं तर तोच. खूर फुटलेला, तुटलेलं दावं मागं लोळतंय. डोंगरातून वाट काढत आला होता.

"मी कवाड उघडलं न्हाई," मामंजी म्हणाले. "उघडलं असतं तर परत देनं झालं नसतं. ट्रकवालं येईस्तोवर आत बसून ऱ्हायलो. त्येचा श्वास ऐकू यायचा."

एवढं सांगून ते आडवे झाले. मी अंगावर घोंगडी टाकली.

निम्म्याहून कमी गायी फळल्या. डॉक्टर म्हणाले, अशा वर्षात एवढ्या राहिल्या हेच खूप. आमची गाय उलटली, तिला गर्भ राहिला नाही. पावसानं त्या वर्षीही हुलकावणीच दिली, पण ज्या गाभण होत्या त्यांना बायकांनी तोंडचा घास काढून जपलं आणि पोळ्यानंतर त्या व्यायला लागल्या.

पहिली व्याली ती वेशीकडची. कालवड झाली. दूध घेऊन आलेली तिची मालकीण कौतुकानं सांगू लागली, की वासराचं निम्मं तोंड काळं हाय, डावीकडनं. दोन दिवसांनी दुसरीनं तेच सांगितलं. तिसरीनं सांगितलं तेव्हा बायका हसल्या. त्यानंतर वासरू कसं झालं, हे आम्ही कुणाला विचारेनाशा झालो.

कानात बिल्ले मारायला डॉक्टर आले, तेव्हा मी त्यांच्याबरोबर घरोघर गेले. प्रत्येक अंगणात गेलं की वासरू मान वळवून डाव्या डोळ्यानं बघायचं. काळ्या बाजूतला तो डोळा दिसायचा नाही, नुसती ओल चमकायची. एका घरातून निघून दुसऱ्या घरात शिरलं की वाटे, मघाचंच वासरू मागच्या वाटेनं आपल्या आधी येऊन उभं राहिलंय. मी हे डॉक्टरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, बाप एक असल्यावर असं होतंच, काही वळू रंग घट्ट देतात. आणि सगळीच कुठं तशी आहेत? दोन वासरं नुसती पांढरी झाली होती. मी त्यांना म्हटलं, तो वळू कुठला होता तेवढं केंद्रात विचारा. त्यांनी तिथूनच फोन लावला. बोलून झाल्यावर फोन खिशात ठेवून ते म्हणाले, वहिनी, तुमच्याच गावचा.

मी घरी सांगितलं नाही. मामंजींनी विचारलंही नाही. गावात वासरांचं एवढं चाललेलं असताना ते एकही वासरू बघायला गेले नाहीत.

पुढच्या चैत्रात वैरण संपली. खुंट्याला बांधून घालायला काही नव्हतं, म्हणून लोकांनी वासरं मोकळी सोडली. मी दुपारी आत तांदूळ निवडत बसले होते. कवाडाच्या खालच्या फटीतून उन्हाची पट्टी आत येते, ती एकदम तुटली. मला वाटलं कुणी आलं. बराच वेळ हाक आली नाही, म्हणून उठून दार ओढलं. वेशीकडची कालवड होती. तिनं कपाळ फळीला टेकलं होतं. दार आत आलं तसं तिचं डोकंही आत आलं. मी हाकलली. ती चार पावलं गेली आणि वळून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तीन होती. मग रोज एखाददुसरं वाढत गेलं. शेवटी अर्ध्या काळ्या तोंडाची सगळीच येऊ लागली. ती दोन पांढरी कधी आली नाहीत. जी पुढं असत ती दाराला कपाळ टेकत, मागची भिंतीला. आमचं दार मावळतीकडं, दुपारी तिथं वीतभरही सावली नसते. तरी ती डोक्यावर ऊन घेत उभी राहात. चाटत नव्हती, हंबरत नव्हती.

डॉक्टरांना मी फोन करून सांगितलं. त्यांचं म्हणणं, मातीच्या भिंतीला लोणा फुटतो, क्षार कमी पडले की वासरं भिंती शोधतात. पटण्यासारखं होतं. मी संस्थेच्या अंगणात चाटणाच्या विटा टांगल्या. वासरं सकाळी तिथं येऊन मन लावून चाटायची आणि दुपारी पुन्हा आमच्या दारात.

त्यांना न्यायला येणाऱ्या बायका पहिल्यांदा थट्टा करायच्या. मग त्या लांब उभ्या राहून हाका मारू लागल्या. शेजारणीनं एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, की तुमच्या घरात जे काय हाय त्येला आमच्या वासरांना सोड म्हनावं. ती भांडायला आली नव्हती, तिचा आवाज बारीक झाला होता. सासूबाई मागच्या दारानं जा-ये करू लागल्या. मामंजींनी ओसरीवरची बाज आतल्या खोलीत नेली. दुपार झाली की ते भिंतीकडं तोंड करून बसत आणि त्या वेळी वाढलेलं ताट तसंच राही.

मी भित्री नाही. पण एका दुपारी झाडताना दाराजवळ वाकले आणि मला पलीकडचे श्वास ऐकू आले. इतक्या वासरांचे श्वास मागंपुढं व्हायला हवेत. ते एकदम आत जात होते आणि एकदम बाहेर येत होते. फळीमागं एकच मोठं जनावर उभं असावं तसे. मी केरसुणी खाली ठेवली आणि आतल्या खोलीत गेले. मामंजी जागेच होते. त्यांनाही ऐकू येत असणार, कारण त्यांची छाती त्याच तालावर हलत होती.

मी म्हटलं, "मामा, तुमी उघडल्याबिगर ही जायची न्हाईत."

ते भिंतीकडं बघतच म्हणाले, "उघडून काय म्हनू त्येला?"

"काई म्हनू नका. हात ठिवा."

ते उठले. मी त्यांचा दंड धरायला गेले, तर त्यांनी नको म्हटलं. त्यांनी कडी काढली. दोन्ही फळ्या आत ओढल्या तशी सगळी तोंडं वर झाली आणि सगळ्यांनी एकाच बाजूनं त्यांच्याकडं बघितलं. मामंजी उंबऱ्यावर खाली बसले, कारण वासरांची कपाळं तेवढ्याच उंचीवर होती. पहिलीच्या कपाळावर हात ठेवला. ती बाजूला झाली, दुसरं पुढं आलं. एकानंही घाई केली नाही. शेवटच्याच्या कपाळावरून हात काढल्यावर मामंजी उठले आणि अनवाणीच रस्त्यानं चालू लागले. वासरं त्यांच्या मागून निघाली. मी चपला घेऊन धावले, पण ते थांबले नाहीत.

ते गावाच्या आटलेल्या तलावात गेले होते. तलावाच्या मधोमध चिखल अजून ओला होता, तिथं हरळी आणि लव्हाळा तग धरून होता. संध्याकाळी वासरं पोटं भरून आपापल्या घरी गेली. त्यानंतर रोज दुपारी ते त्यांना घेऊन जाऊ लागले. लोकांना ते बरंच वाटलं. एरवी दुष्काळात फुकटचा राखणदार कुठं मिळतो? मामंजीही दुपारचं ताट संपवून जाऊ लागले, त्यांच्या अंगावर जरा मांस आलं.

पण जे तलावाकडं जात ते येऊन एक सांगत. म्हातारा कधी 'चला' म्हणत नाही. 'चल' म्हणतो. 'पानी पी' म्हणतो, 'हिकडं ये' म्हणतो, आणि तेवढी सगळी वासरं वळतात. उन्हाळ्यात काही गोऱ्हे बाजारात विकले गेले. मी हळूच विचारलं, मामा, आज दोन कमी दिसत्यात. त्यांना मी काय विचारते तेच कळलं नाही. "हाय की," ते म्हणाले.

त्या वर्षी पाऊस बरा झाला, पुढच्या वर्षी त्याहून बरा. कालवडी वयात आल्या आणि संघानं योजनेची दुसरी फेरी लावली. डॉक्टरांनी संस्थेच्या बैठकीत स्पष्टच सांगितलं, की या कालवडींना त्याच वळूचं बीज लावायचं नाही. बाप आणि लेक एक झाली की वासरं खुजी, अधू निघतात. आमच्या गावासाठी राखलेल्या कांड्या दुसरीकडं पाठवायच्या आणि इकडं नवा वळू घ्यायचा. ठराव मी वाचला, सगळ्या बायकांनी हात वर केले. हात इतक्या चटकन वर गेले की डॉक्टरांनाही नवल वाटलं.

मामंजींना सांगायचं काम माझ्याकडंच आलं. ते तलावाच्या काठावर बसले होते. तलावात आता पाणी होतं. मी कारण समजावून सांगितलं. त्यांना ते ठाऊक होतं, जनावरांत जन्म गेलेला माणूस.

त्यांनी एवढंच विचारलं, "मंग त्यो कुठं जाईल?"

मी म्हटलं, तलवाड्याकडच्या गावांना देनार हायेत.

"तिकडं नदी हाय," ते म्हणाले. "बरं हाय."

दुसऱ्या फेरीच्या दिवशीही गायी हंबरल्या. या वेळी बायका गायीपाशी उभ्या होत्या, पाठीवरून हात फिरवत होत्या आणि आवाज तेवढा लांब गेला नाही, रानात ज्वारी होती म्हणून असेल. त्या वेळची वासरं नाना रंगांची झाली, एकासारखं दुसरं नाही. संस्थेचं दूध वाढलं. आजूबाजूच्या गावांतून बायका बघायला येऊ लागल्या. मी त्यांना सांगायची, की सुईवर जाऊ नका, आधी महिनाभर गायीला पोटभर घाला आणि दर फेरीला वळू बदला. बाकीचं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मामंजी त्यानंतर दोन हिवाळे जगले. पौषात, सकाळच्या उन्हात पाठ शेकत बसले होते, तसेच गेले. चहाची बशी हातातून सुटली तेवढाच आवाज झाला. दुखवट्याला बायका आल्या तेव्हा मी एकेकीला हळूच विचारलं, की त्या सकाळी तुमच्या गायीनं काही वेगळं केलं का, हंबरली का, पान्हा चोरला का? ज्यांच्याकडं त्या पहिल्या वेळच्या कालवडी होत्या, त्यांना तर दोनदा विचारलं. कुणाच्याच गायीनं काही केलं नव्हतं. सगळ्यांनी नेहमीएवढं दूध दिलं होतं. मला का कोण जाणे, त्याचं फार वाईट वाटलं.